राखाडी डगला

अहो, तुमच्या कॅमेऱ्याला मी हात लावला. आधीच सांगून टाकते, मागाहून कुरकुर नको. लेन्सवर बोट नाही लावलं, पट्टा गळ्यात अडकवूनच उचलला, आणि खाली ठेवताना तुम्ही ठेवायचात तसाच, लहान मूल पाळण्यात ठेवावं तसा ठेवला. तरी तुम्ही असतात तर दारात उभे राहून "सांभाळून, सांभाळून" केलं असतंतच.

तुमचे दिवस झाले, पाहुणे काशीहून आपापल्या गावी गेले. ओंकारही पुण्याला परतला. जाताना जिन्यात थांबून आपल्या अर्ध्या हिंदीत म्हणाला, "आई, स्टुडिओ बंद कर दे. सामान बेच देंगे. तू माझ्याकडे चल." तुमच्या लेकानं बूट घालता घालता आपला सगळा संसार आवरून टाकला. मी म्हटलं, "बघते." मी बघते म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे तुम्हाला बरोबर कळायचं. त्याला वाटलं, आई तयार झाली.

तो गेला आणि दुपारी चौकातल्या साडीवाल्या सेठजींचा फोन. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फोटोंसाठी साड्यांचा गठ्ठा पाठवला होता ना, तो तसाच कपाटात पडून होता. गरीब बिचारे फार अदबीनं बोलले. "भाभीजी, भैया तो रहे नहीं. साड़ियाँ वापस भिजवा दीजिए, कहीं और करवा लेंगे." माझ्या तोंडून निघून गेलं, "फोटो मैं निकालूँगी." मग म्हणाले, "आप?"

त्या एका "आप?"नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं त्या खोलीत मी काय केळी सोलत होते? मी म्हटलं, एकदा बघा. रंग चुकला तर सगळं घेऊन जा, मी चकार शब्द काढणार नाही. ते तयार झाले. फोन ठेवल्यावर मात्र मी गठ्ठ्याचं कपाट उघडलं आणि तसंच पुन्हा लावून टाकलं. कारण त्या क्षणी मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं की रंग जमले तर स्टुडिओ राहील आणि मीही राहीन. नाही जमले तर पुणं. म्हणजे माझं काशीत राहणं त्या गठ्ठ्यावर येऊन ठेपलं.

मग तुमची स्टुडिओची खोली उघडली. किती दिवसांनी! ती राखाडी भिंत, राखाडी छत, राखाडी पडदा. कऱ्हाडहून लग्न करून आले तेव्हा या खोलीला पिवळा रंग होता आणि खिडकीतून बालाजी घाट दिसायचा. सकाळी उन्हं पाण्यावरून परतून छतावर हलायची. मी अंथरुणात पडून बघत राहायचे. आणि तुम्ही काय केलंत? साड्यांचं काम सुरू झाल्यावर त्याच खिडकीला काळं कापड ठोकलंत. "पाण्याचा उजेड सारखा बदलतो. एका साडीला एक, दुसरीला दुसरा." सासूबाई म्हणाल्या होत्या, "जग गंगा बघायला इथं येतं, आणि आमचा दिवटा तिच्याकडची खिडकी बुजवतो." काशीत असा माणूस दुसरा नसेल.

भिंती राखाडी केल्यात तेव्हा आपण पहिल्यांदा कडाकडा भांडलो. तुम्ही समजावत होता की पिवळ्या भिंतीवर आपटून आलेला उजेड पिवळा होतो आणि साडीला चिकटतो. मी म्हणत होते की भिंतीला रंग घरात राहणाऱ्या माणसांसाठी देतात. तुमचं शेवटचं हत्यार ठरलेलं. "डोळा खोटं बोलतो. कॅमेरा त्याहून जास्त बोलतो. त्याला खरं बोलायला शिकवावं लागतं."

शिकवायची वेळ कशी आली, ते मात्र तुम्ही कुणाला सांगू द्यायचा नाहीत. आज सांगते, कोण अडवतंय? नवीन डिजिटल कॅमेरा आला होता. लग्नाचं काम होतं. पुस्तकात वाचलंत की कॅमेऱ्याला आधी पांढरं काहीतरी दाखवायचं आणि सांगायचं, बाबा रे, हे पांढरं, यावरून बाकीचं ओळख. तुम्ही घरात शोधलंत आणि मामंजींचं पूजेचं धोतर कॅमेऱ्यापुढं धरलंत. भटजींच्या घरातलं धोतर ते! सासूबाई त्याला अशी सढळ हातानं नीळ घालायच्या की ते पांढरं कमी आणि आकाशी जास्त दिसायचं. कॅमेऱ्यानं आकाशीलाच पांढरं मानलं आणि बाकी सगळं जग पिवळं करून टाकलं. नवरी, नवरा, वरमाई, सगळ्यांना कावीळ! मुलीचा बाप अल्बम घेऊन आला तेव्हा तुम्ही मोरीत लपून बसला होता आणि मी बाहेर त्याला चहावर चहा पाजत होते.

त्यानंतर ते राखाडी कार्ड आलं, आणि ते धरायला मी आले.

साडी दांडीवर टाकायची, चुण्या घालायच्या. तिच्या अगदी लगत कार्ड धरायचं. कार्डाचा फोटो घ्यायचा. कॅमेऱ्याला सांगायचं, हे राखाडी, ना लाल ना निळं, आता बाकीचे रंग यावरून लाव. मग रंगीत चौकटींचा तक्ता, त्याचा फोटो. मग एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते. जर सांभाळून घेतली तर रेशीम काळवंडतं, रेशीम उजळवलं तर जर नुसती पांढरी आग होते. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तो उजेडाच्या आलेखाचा डोंगर बघत बसायचात. डोंगराचं टोक उजव्या भिंतीला टेकलं की "गेलं, गेलं, जर गेली" असं ओरडायचात. जणू गंगेत कुणी बुडालं! लाल साडीला तर तुमच्या नाकी नऊ यायचे. "लाल फुगतो," म्हणायचात. लाल जरा जास्त उजळला की विणीतल्या सगळ्या बुट्ट्या त्यात विरघळून जातात. म्हणून लाल नेहमी दबता घ्यायचा. मी सगळं ऐकत होते हो. हात लांब करून, मान दुसरीकडे करून, पुतळ्यासारखी उभी राहून ऐकत होते.

आणि मग तो डगला. त्याच्यावरून आपण जितके भांडलो तितके ओंकारच्या शाळेवरूनही भांडलो नसू. मी आपली हौसेनं जांभळी, नाहीतर शेंदरी साडी नेसून उभी राहायची, आणि तुम्ही कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणायचात, "तुझा रंग पसरतो." कार्डावर पडतो, साडीवर पडतो, सगळीकडे जातो. शेवटी एक दिवस शिंप्याकडून दोन डगले शिवून आणलेत. राखाडी, गळ्यापासून घोट्यापर्यंत, पुढं बटणं. एक तुमचा, एक माझा. मी म्हटलं, "मेलं, दवाखान्यातल्या कंपाउंडरसारखी दिसते मी." तुम्ही म्हणालात, "कोण बघतंय?" अहो, तुम्ही बघत होता ना! पण तुम्ही बघायचात ते कार्ड. इतकी वर्षं त्या कॅमेऱ्यातून माझ्या दिशेला डोळा लावून बसलेला माणूस, आणि बघायचा काय, तर पुठ्ठ्याचा तुकडा. मला त्या पुठ्ठ्याचा हेवा वाटायचा. हसा.

"तुझा रंग पसरतो." ही तक्रार होती की आणखी काही, ते विचारायचं राहून गेलं. भांडणाच्या भरात माणूस असलं कुठं विचारतो.

आपलं दुसरं भांडणही अर्धवटच राहिलं. मी म्हणायचे, ही साडी कुणीतरी लग्नात नेसणार, पिवळ्या दिव्यांत, हार, धूर, गर्दी यांच्यात. तिथं ती जशी दिसेल तो तिचा खरा रंग. तुमच्या या राखाडी गुहेत ती दिसते तो कसला खरा? तुम्ही म्हणालात, "अगं, कुठल्या तरी एका उजेडात तरी खरं सांगावं की नको?" मी उत्तर तयार करत होते. चांगलं खणखणीत उत्तर होतं. आता ते कुणाला देऊ?

हां, तर गठ्ठा. पण आधी माझ्या साडीचं सांगते. तुमच्या चौदाव्या दिवशी माझ्या भावानं दुखवट्याची साडी आणली. तुम्हाला माहीतच आहे, अशा वेळी माहेरचे जरा फिकटच रंग निवडतात. यानं आणली डाळिंबी. भर बैठकीत सगळ्यांच्या भुवया वर. तो बिचारा कानकोंडा झाला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आक्का, लहानपणी तू दर दिवाळीला डाळिंबीच मागायचीस. दुकानात मला दुसरं काही सुचलंच नाही बघ." मी त्याच्या गळ्यात पडून रडले. तुम्ही गेल्यावर तेव्हा पहिल्यांदा रडले. तोवर पाहुण्यांच्या चहापाण्यातच होते.

म्हणून फोटो काढायच्या दिवशी मी ती डाळिंबी नेसले. आपले दोन्ही डगले दारामागं खुंटीवर होते. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. तुम्ही होता तोवर तो कामाचा कपडा होता. आता मी तो राखाडी डगला घातला असता तर तो विधवेचा झाला असता. समोरच्या घरातल्या मिश्राइन आदल्या दिवशीच गच्चीवरून म्हणाल्या होत्या, "अब तो हल्का ही पहनना, बहू." मी मनात म्हटलं, नाही घालणार जा.

आणि काय सांगू, एकटीनं ते काम होत नाही हो. मी कॅमेऱ्याशी गेले तर कार्ड कोण धरणार? कार्डाशी गेले तर बटण कोण दाबणार? स्टुलावर तांब्या ठेवून त्याला कार्ड टेकवलं, तर ते मागं कललं आणि दिव्यानं चमकायला लागलं. साडीला टाचणी लावायची सोय नाही, सेठजी जीव घेतील. शेवटी कॅमेऱ्याला टायमर लावला आणि धावले. हो, धावले! या गुडघ्यांनी. साडीशेजारी जाऊन हात लांब केला, श्वास रोखला, आणि खट्. पहिल्या खेपेला कार्ड उलटं. दुसऱ्या खेपेला पडद्यात पाय अडकला. मला एकदम हसू फुटलं. मोठ्यानं हसले, आणि हसताना तुमच्याकडे बघायला मान वळवली. कॅमेऱ्याच्या तिपाईमागं तुमचं स्टूल होतं. नुसतं स्टूल.

तरी सगळ्या साड्या केल्या. ती पिवळट द्राक्षासारखी अंगूरी, कांद्याच्या सालीसारखी गुलाबी प्याजी, फिरोजी, रानी. जर जपली, डोंगर भिंतीला टेकू दिला नाही. तुमच्यासारखंच कॉम्प्युटरवर घेतलं आणि सेठजींना पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन. आवाज इतका हळू की मला तिथंच कळलं. "भाभीजी, अंगूरी हरी-हरी आ रही है. प्याजी तो एकदम बुझ गई." मग म्हणाले, "आप परेशान मत होइए. कल आदमी भेज के उठवा लेता हूँ." मी कसंबसं म्हटलं, दुपारनंतर पाठवा. सकाळचा वेळ मागून घेतला.

रात्री झोप कसली? सकाळी उठल्या उठल्या आधी दिव्यांना शिव्या घातल्या. मग कॅमेऱ्याला. मग मॉनिटर बिघडला असं ठरवून तुमचं ते कोळ्यासारखं यंत्र त्याच्या काचेवर लटकवलं आणि त्याचे रंग पुन्हा लावून घेतले. मॉनिटर ठणठणीत. नाचता येईना अंगण वाकडं, तसं माझं चाललेलं. शेवटी कार्डाचाच फोटो उघडला आणि मोठा केला, आणखी मोठा केला. कार्डाची माझ्याकडची कड गुलाबी होती. माऊस नेऊन आकडे बघितले, लाल चढलेला. मी दिव्याच्या बाजूला उभी. दिवा माझ्या पदरावर पडत होता आणि पदराचा डाळिंबी कार्डावर. कॅमेऱ्याला वाटलं, इथं लाल जास्त आहे. त्यानं इमानदारीनं सगळ्या साड्यांतला लाल काढून घेतला. अंगूरी हिरवी पडली, प्याजी विझली.

काखेत कळसा नि गावाला वळसा. इथं तर अंगावरच होता.

मी तशीच बसून राहिले. तुमच्यावर इतका राग आला! मेल्यावरही तुमचंच खरं? एका तरी भांडणात मला जिंकू द्यायचं होतं. मग उठले, दारामागून डगला काढला आणि डाळिंबी साडीवरूनच घातला. खालून वर एकेक बटण लावत आणले, गळ्यापर्यंत. आरशापुढं गेले नाही. हा कामाचा कपडा आहे, असं मोठ्यानं म्हटलं. मिश्राइनसाठी नाही, लोकांसाठी नाही, अंगूरी साडीसाठी आहे. काम झालं की काढीन आणि डाळिंबीतच भाजी आणायला जाईन. बघू कोण काय म्हणतं.

पुन्हा टायमर, पुन्हा धाव. कार्ड धरलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी पहिल्यांदाच मान दुसरीकडे न करता सरळ लेन्सकडे बघितलं. इतकी वर्षं तिकडं बघितलं की तुमचं कपाळ दिसायचं, कॅमेऱ्याच्या वर, घामानं चकाकणारं. डोळे भरून वाहायला लागले. पुसायला हात मोकळा नव्हता. तशीच उभी राहिले.

दुपारी फोटो गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. ओंकारचा फोन आला तो घेतला नाही. मग सेठजींचा आला.

"भाभीजी, साड़ी सामने रख के देख रहा हूँ. अंगूरी एकदम अंगूरी. प्याजी भी." ते म्हणाले, "अगला गठ्ठा परसों भेजूँ?" मी म्हटलं, भेजिए. मग त्यांनी सहज विचारलं, अगदी कौतुकानं, "साथ में किसको रखा है? कार्ड-वार्ड पकड़ने को?"

"किसी को नहीं."

"अरे! अकेले किया?"

"हाँ, अकेले."

फोन ठेवला. ओंकारला उलट फोन लावून सांगितलं की मी पुण्याला राहायला येत नाही, दिवाळीनंतर आठ दिवस येऊन जाईन. तो म्हणाला, "मगर आई, तू वहाँ करेगी क्या?" मी म्हटलं, परवा गठ्ठा येतोय. तो म्हणाला, ठीक आहे. हे ठीक आहे मात्र मराठीत म्हणाला.

तुम्ही गेल्यापासून जो येतो तो मला विचारतो, कशी आहेस. मी म्हणते, बरी आहे. भावालाही तेच सांगितलं, लेकालाही तेच. तो दुसरा शब्द आज पहिल्यांदा तोंडातून निघाला, तोही सेठजींपुढं, हिंदीत, साड्यांच्या हिशेबात. मराठीत तो ऐकायला या घरात आता कुणी नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. रंग अगदी बरोबर आले. आणि मी एकटी आहे हो.